टपावरची होडी

इचलकरंजीच्या एका भगिनीचं पत्र आलंय. त्या लिहितात, "मेमध्ये सहा महिन्यांसाठी लेकीकडे मिनेसोटाला चालले आहे. जावयांना होडीचा भारी नाद. गाडीच्या टपावर अख्खी होडी बांधून दोन-दोनशे किलोमीटर जातात म्हणे. मी मागं जीव मुठीत धरून बसायचं का?"

नाही हो, जीव कशाला मुठीत धरता? डोळे उघडे ठेवून बसा, आणि काही खटकलं तर बोला. हे दुसरं मला जमलं नव्हतं, म्हणून आजचं हे लिहिणं.

२०२३ च्या जुलैत मीही तिथंच लेकीकडे होते. त्या राज्यात दहा एकरांपेक्षा मोठी तळीच ११,८४२ आहेत. गाड्यांच्या नंबरपाटीवरसुद्धा 'दहा हजार तळी' असं छापलेलं असतं! उन्हाळा आला की आपल्याकडे टपावर आंब्याच्या पेट्या दिसतात ना, तशा तिकडे होड्या दिसू लागतात. त्यांत दोन जाती. कनू म्हणजे वरून उघडी, दोन्ही टोकांना निमुळती, चिरलेल्या शेंगेसारखी. कयाक वरून बंद, बसायला मधे भोक. आमच्या जावयांची कनू अॅल्युमिनियमची, सतरा फुटी, वजन चौतीस किलोच्या आसपास. म्हणजे एका गव्हाच्या पोत्याहून हलकीच, पण लांबी केवढी! बॉनेटच्या पुढंही आलेली आणि डिकीच्या मागंही गेलेली.

त्या दिवशी आम्ही उत्तरेला डुलुथच्या रस्त्यानं निघालो होतो. लेक-जावई पुढं, मी आणि नात मागं. सकाळी बारीक पाऊस येऊन गेला होता. तासाभरानं डोक्यावर घूं घूं असा आवाज सुरू झाला. जावई म्हणाले, "आई, तो पट्टा गातोय, काळजी नको." ते खरंच होतं. चपटा पट्टा वाऱ्यात थरथरला की असा घुमतो, त्याला बांधतानाच एक पीळ दिला की गप्प बसतो. पण थोड्या वेळानं घूं घूं जाऊन टक्‌-टक्‌ सुरू झालं, आणि समोरच्या काचेतून मला दिसलं, की होडीच्या नाकापासून बॉनेटकडे आलेल्या दोन दोऱ्यांपैकी डावी दोरी झोळली आहे. दोरी नायलॉनची. अहो, आपली कपडे वाळत घालायची दोरी पावसाळ्यात कशी झोळते, हे तुम्हा-आम्हाला कुणी शिकवायला हवं का? नायलॉन पाणी पितं आणि ताणतं.

तरी मी गप्प! जावयांना कसं सांगायचं? त्यांची गाडी, त्यांची होडी, आणि आपण पाहुण्या. लेकीच्या कानात सांगावं तर ती नकाशा पाहण्यात गर्क. दहा मिनिटं अशीच गेली. ताशी ११० च्या वेगात दहा मिनिटं म्हणजे अठरा किलोमीटर. मागं वळून पाहिलं तर एक गाडी आमच्याच मागोमाग येत होती, मागच्या सीटवर दोन लहान मुलं. ती पाहिली आणि माझ्या तोंडून निघालंच, "अहो, गाडी बाजूला घ्या. दोरी सुटतेय."

पुढच्या फाट्याला उतरून पेट्रोल पंपावर थांबलो. डावी गाठ जवळजवळ निसटलेली, मधला एक पट्टा ढिला झालेला आणि होडी चार बोटं उजवीकडे सरकलेली. जावई काही बोलले नाहीत. त्यांनी ती दोरी काढली आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली.

तर हे असं का होतं? आपल्याला वाटतं, दोरी होडीला धरून ठेवते ती गाडीवरून घसरू नये म्हणून. खरा शत्रू वारा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. पालथी कनू म्हणजे मोठं सूपच. तिचं नाक जरा उचललं गेलं की वारा आत शिरतो आणि तिला वर ढकलतो. शेजारून मोठा ट्रक गेला की बाजूनंही धक्का बसतो. म्हणून मधे कितीही घट्ट आवळलं तरी पुढचं आणि मागचं टोक वेगळं बांधलेलं हवंच.

नंतर जावयांनी मला सगळं नीट करून दाखवलं. टपावरच्या दोन आडव्या दांड्या आधी हलवून बघायच्या, कारण त्याच निघाल्या तर पट्टे काय कामाचे! गाडीचं टप किती भार पेलतं हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांना ते पन्नास ते पंचाहत्तर किलोच असतं, आणि त्यात दांड्यांचं वजनही धरायचं. कनू पालथी ठेवायची. चपटे पट्टे पॉलिएस्टरचे घ्यायचे, ते ओले झाले तरी फारसे ताणत नाहीत. दोन्ही पट्टे होडीवरून नेऊन दांडीच्या खालून घ्यायचे. बकल पलीकडे भिरकावताना त्याला फडकं गुंडाळा, नाहीतर काच गेलीच म्हणून समजा. होडीच्या नाकापासून दोन दोऱ्या बॉनेटच्या दोन कोपऱ्यांना, तशाच मागं दोन. टेम्पोवाले ताडपत्री आवळताना दोरीचा फास काढून त्यातूनच दोरी ओढून घेतात ना, तीच गाठ इथं चालते. रबरी लवचीक दोऱ्या मात्र या कामाला अजिबात नकोत.

कयाक प्लास्टिकची असेल तर फार करकचून आवळू नका. उन्हात प्लास्टिक मऊ होतं आणि पट्ट्याखाली खळगा पडतो. मुक्कामी पोचलात की पट्टे सैल करून ठेवावे.

होडी चढवायची कशी, हेही विचारतील काहीजणी. दोन्ही टोकं एकदम उचलायची गरज नसते. डिकीच्या कडेवर जुनी सतरंजी टाका, होडीचं एक टोक मागच्या दांडीवर टेकवा, मग दुसऱ्या टोकाकडून गुडघ्यात वाकून उचला आणि पुढं सरकवा. माझी लेक हे एकटी करते. नंतर दांडीवर होडीच्या कडेला लागून रंगीत चिकटपट्टीची खूण करा, म्हणजे होडी सरकली तर एका नजरेत कळतं. निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत एकदा थांबून सगळे पट्टे हातानं हलवून पाहायचे. पट्टे पहिल्या काही मैलांतच बसतात आणि ढिले पडतात. परत येताना स्टीअरिंगला 'वर होडी आहे' अशी चिठ्ठी अडकवा. गंमत नाही हं, होडी टपावर असताना थेट गॅरेजमध्ये गाडी घालणारे महाभाग असतात.

आणि तळ्यावरून निघताना होडीतलं पाणी, शेवाळ, पानं सगळं तिथंच काढून टाकायचं. मिनेसोटात तसा कायदाच आहे. एका तळ्यातल्या शिंपल्या-वनस्पती दुसऱ्या तळ्यात गेल्या तर तिथलं सगळं बिघडवतात.

आता ज्यांना अमेरिकेला जायचं नाही त्यांनी पान उलटू नका! आपल्याकडे होडी नसेल, पण गादी असते. दुकानातून नवी गादी टपावर टाकायची, सुतळीचे दोन वेढे द्यायचे आणि खिडकीतून हात बाहेर काढून ती धरून ठेवायची, हे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी केलंय. गादी होडीहूनही वाईट, ती वारा धरते आणि दुमडते. हातानं धरून काही होत नाही, वेगात माणसाचा हात काय पुरणार? शिवाय बाहेर आलेल्या सामानाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. गादीला टेम्पोच सांगा.

इचलकरंजीच्या ताईंना एवढंच, की निघण्याआधी होडीभोवती एक फेरी तुम्हीही मारा. जावई हसले तर हसू द्या. पुढच्या आठवड्यात दमट झालेल्या गाद्या-उशांचं बघू, त्याची सात-आठ पत्रं साठली आहेत.