उकिरडा कुणाच्या दारात?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो आणि लक्ष्मी म्हणून तिच्यापुढे हात जोडतो. त्याच रात्री जुन्या वळणाच्या घरांतून सूप वाजवून अलक्ष्मीला उंबऱ्याबाहेर घालवतात. बाहेर म्हणजे नेमकी कुठे, हे विचारण्याची पद्धत नाही. उंबरा ओलांडला की आपले काम संपले. हीच रीत आपल्या शहरांनी उचलली आहे. फरक एवढाच, की शहराची अलक्ष्मी रोज निघते, ट्रकात बसून जाते, आणि ती कोणत्या गावच्या वेशीत उतरते हे आपल्याला पक्के ठाऊक असते.

पुण्याचेच घ्या. विद्येचे माहेरघर! या माहेरघराचा केर १९८१ पासून उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात, एका दगडखाणीच्या जागेत पडू लागला. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असे आपले जुने लोक म्हणत. १९८१ ते २०१७ म्हणजे बाराचे तीन फेरे झाले. पांग फिटला नाही. ढीग तेवढा वाढला. विहिरींचे पाणी नासले आणि ज्या घरांपुढे बागाईत होती त्यांच्यापुढे पाण्याचे टँकर उभे राहू लागले. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली, तेव्हा गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ त्या आत जाऊ दिल्या नाहीत. त्या दिवसांत साऱ्या शहराला ओला आणि सुका असे कचऱ्याचे दोन प्रकार असतात, याचा एकाएकी साक्षात्कार झाला. गाड्या सुरू झाल्या आणि साक्षात्कारही ओसरला. त्याच वर्षी ही दोन्ही गावे पुणे महापालिकेच्या हद्दीत घेण्यात आली. म्हणजे शहराचा कचरा तिथे पोहोचल्यावर छत्तीस वर्षांनी शहर पोहोचले! पुढे ती पुन्हा हद्दीबाहेर काढून तिथे स्वतंत्र नगर परिषद करण्यात आली.

मुंबईचे देवनार याहून जुने. तिथे १९२७ पासून कचरा पडतो आहे. २०१६ च्या जानेवारीत ते पेटले आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मी मास्तर आहे, म्हणून ही गोष्ट मला विसरता येत नाही. पावसाने शाळा बंद राहते, तापाच्या साथीने राहते. पण आपणच टाकलेल्या उष्ट्याच्या धुराने पोरांची शाळा बुडावी?

आणि हा धूर काही दैवी कोप नव्हे. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्मा किंवा त्याहून अधिक भाग ओला असतो : साली, देठ, शिळे अन्न, निर्माल्य. हा माल हवा न लागू देता ढिगाखाली दाबला की कुजताना त्यातून मिथेन सुटतो, आणि तो पेटतो. त्यातून झिरपणारे काळे पाणी जमिनीत मुरते. हीच बटाट्याची साल वेगळी ठेवून, हवा लागू देऊन कुजवली तर खत होते. फाटक्या चपलेच्या आणि बॅटरीच्या संगतीत कुजली तर विष होते. हे कळायला परदेशी तज्ज्ञ आणण्याची गरज नाही. हॉवर्डसाहेबाने १९२० च्या दशकात खताची आपली पद्धत बसवली ती आपल्या शेजारच्या इंदुरात, आणि तीही इथल्या शेतकऱ्याकडे पाहून.

आता आमच्या शहराकडे येतो. नाव सांगत नाही. वाचकांनी आपापल्या शहराचे नाव घालून वाचावे, फारसे चुकणार नाही. आमच्याकडे घनकचऱ्याचा आराखडा झाला. मी तो मागून घेऊन वाचला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पण बेरीज-वजाबाकी येते. पहिल्या पानावर नव्या डेपोसाठी जागा, दुसऱ्यावर गाड्या, तिसऱ्यावर यंत्रे. कचरा कमी कसा होईल याविषयी शेवटून दुसऱ्या पानावर चार ओळी, आणि त्यांतही 'जनजागृती' हा शब्द दोनदा! ज्या आराखड्याची सुरुवात जागेपासून होते तो कचरा कमी करण्याचा आराखडा नव्हे, कचऱ्याला घर बांधून देण्याचा आराखडा होय.

यंत्रांचा मोह तर विचारूच नका. कचरा जाळून वीज करायची, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. दिल्लीला तिमारपूर येथे १९८७ साली असा रोज ३०० टन जाळण्याचा कारखाना परदेशी यंत्रे आणून उभा केला होता. काही आठवड्यांतच तो बंद पडला, कारण आपला कचरा ओला, मातीमिश्रित, तो पेटेचना. यंत्र खोटे नव्हते. भाजीचे देठ जाळून दिवा लावण्याची कल्पना खोटी होती.

पण खरे दुखणे याहून खोल आहे, आणि त्याविषयी कुणी बोलत नाही. कचरा वाहून नेणाऱ्या ठेकेदाराला पुष्कळ ठिकाणी टनामागे पैसे मिळतात. ओला कचरा जड. पावसात भिजला तर आणखी जड. मग तो कमी व्हावा असे त्याला का वाटावे? साहेबाचे अंदाजपत्रक गाड्यांच्या खेपांवर वाढते. पुढाऱ्याला डेपोचे भूमिपूजन करता येते. न झालेल्या ढिगाचे भूमिपूजन कसे करणार? या साऱ्या साखळीत कचरा डेपोत न गेल्याने ज्याच्या पदरात चार पैसे पडतात असे माणूस एकच : कचरा वेचणारी बाई. तिने वेचलेली प्रत्येक बाटली, प्रत्येक पुठ्ठा ढिगात जात नाही, आणि तेच तिचे पोट. आणि आराखड्यात नाव नाही ते नेमके तिचेच.

पुण्याला मी वर टोचले, म्हणून हेही सांगितले पाहिजे. याच पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि त्या बायांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. घरवाल्याने महिन्याची फी द्यायची, सुका माल विकून येईल तो पैसा बाईचा. महिन्याकाठी वाडग्यात टाकलेली भीक नव्हे, कामाचा दाम. कमी कचऱ्यात ज्यांचे हित आहे त्यांच्याच हाती कचरा द्यावा, ही एवढी साधी गोष्ट मोठमोठ्या सल्लागारांना सुचत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते : "आपल्या लोकांना शिस्त नाही हो!" खोटे आहे. दिवाळीच्या आधी कुठल्याही चाळीत जाऊन पाहा. रद्दी वेगळी बांधलेली असते, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घातलेल्या असतात, बाटल्या वेगळ्या, डबे वेगळे. ही शिस्त कुठल्या फलकाने शिकवली? वेगळे केलेले वेगळेच राहील आणि त्याचा मोल देणारा माणूस दारात येईल, हा भरवसा होता म्हणून ती टिकली. वेंगुर्ल्याने हेच करून दाखवले. तिथल्या नगर परिषदेने कचरा घरापासूनच वेगवेगळा घेतला, ओल्याचा गॅस केला, प्लॅस्टिक बारीक करून रस्त्यात घातले आणि जुन्या कचरा डेपोची बाग केली. वेंगुर्ले लहान आहे, असे म्हणतात. मग मोठे शहर म्हणजे तरी काय? प्रभागांची मोळीच ना? प्रत्येक प्रभागाने आपला ओला कचरा आपल्याच हद्दीत जिरवावा. ज्याला ते जमत नसेल त्याने आपला ढीग नगरसेवकाच्या घरासमोरच्या मैदानात ठेवावा, परक्या गावाच्या विहिरीशेजारी नव्हे. वर्षअखेर एकच आकडा छापावा : डेपोच्या फाटकातून गेल्या वर्षी किती टन आत गेले आणि यंदा किती. बाकी अहवाल रद्दीत घातला तरी चालेल. रद्दीला निदान भाव आहे.

गेल्या साली आमच्या शाळेत स्वच्छतेची शपथ झाली. हिरवी बादली, निळी बादली. पोरांनी चार दिवस मोठ्या हौसेने डब्यातले उरलेसुरले हिरवीत आणि कागद निळीत टाकले. पाचव्या दिवशी घंटागाडी आली. पोरे पाहायला धावली. गाडीवरच्या माणसाने दोन्ही बादल्या उचलल्या आणि एकाच हौद्यात उपड्या केल्या. त्याच्यावर राग नाही. त्याच्या गाडीला हौदा एकच होता. सहावीतला एक मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "गुरुजी, मग आपण वेगळा कशाला केला?"

वीस वर्षे मी पोरांच्या प्रश्नांना उत्तरे देत आलो. त्या दिवशी सांगितले, वर्गात चला.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही शाळेमागे एक खड्डा खणला. हिरवी बादली तेव्हापासून घंटागाडीला दिलेली नाही. त्याच वर्गातल्या एका मुलीची आई कचरा वेचते. शनिवारी येऊन ती निळी बादली घेऊन जाते. बाटल्यांची झाकणे वेगळी ठेवा, एवढेच तिने पोरांना बजावले आहे. खड्ड्यातले खत काळेभोर झाले आहे. परवा मात्र वरून निरोप आला, की खड्डा विनापरवानगी खणला असून जागा पूर्ववत करावी. मी निरोप वाचला, घडी घालून निळ्या बादलीत टाकला.