काचेखालचे पत्रक

माझ्या दवाखान्यात टेबलाच्या काचेखाली क्षयरोगाचे एक छापील पत्रक आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासावी, असे त्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे. त्याच काचेवर कागद ठेवून मी एका यंत्रमाग कामगाराला महिनाभरात तीन वेळा खोकल्याचे औषध लिहून दिले. चौथ्या खेपेस तो आला तेव्हा थुंकीतून रक्त पडत होते.

मला माहिती नव्हती असे नाही. पण भिवंडीत कापसाच्या तुसाने खोकणारे इतके, की 'हा मागाचाच खोकला' असे म्हणण्याची सवय जडते. शिवाय तपासणीला पाठवावे तर त्याची पाळी बुडते आणि त्याला गुण आजच हवा असतो. मी औषध दिले नाही तर तो पुढच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे जाईल, ही भीतीही असतेच. लाजिरवाणे आहे, पण खरे आहे.

आम्हा खासगी डॉक्टरांचे हे दुखणे जुने आहे. डॉ. मुकुंद उपलेकर व शेपर्ड यांच्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत धारावी भागातील १०० खासगी डॉक्टरांनी क्षयावर ८० निरनिराळे उपचार लिहिले होते. मुंबईतच केलेली तशीच पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. त्यात १०६ डॉक्टरांचे ६३ प्रकार निघाले आणि बिनचूक लिहिणारे अवघे सहा!

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात मधुमेही रुग्णांचे डोळे तपासून घ्या, असे छापील संदेश डॉक्टरांना पाठवून पाहिले. फरक पडला नाही, असा निष्कर्ष २०१४ साली आला.

आयझेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने म्हटले आहे की, माणूस एखादी गोष्ट करील की नाही हे तीन बाबींवर ठरते: ती त्याला हिताची वाटते का, भोवतालचे लोक काय म्हणतील आणि ती त्याच्या हातात आहे का. आमची पत्रके पहिल्या बाबीवरच थांबतात. थुंकी कुठे घेतात, किती वाजेपर्यंत, अहवाल कधी मिळतो आणि पाळी बुडवायला नाखूश असलेल्या माणसाला काय सांगावे, हे छापा. तोवर लिव्होफ्लॉक्सासिनसारखे औषध देऊ नका, त्याने क्षय काही दिवस दबतो व निदान लांबते, हेही लिहा. आणि पत्रक लिहिणाऱ्याने आधी एक संध्याकाळ माझ्या दवाखान्यात गर्दीच्या वेळी बसावे.

वाचकांनीही दोन आठवडे खोकला असेल तर "डॉक्टर, थुंकी तपासायची का?" असे विचारावे. आम्हाला राग येणार नाही. आला तरी विचारावे.

त्या कामगाराने सहा महिने गोळ्या घेतल्या. तो बरा होऊन मागावर परत गेला आहे. त्याच्या खोलीत राहणाऱ्या बाकीच्यांची तपासणी मात्र माझ्यामुळे महिनाभर उशिरा झाली.