लेकराच्या वाढदिवसाची थीम कोण ठरवणार?

"घरच्या घरी पोराचा पाचवा वाढदिवस करायचाय, थीम काय ठेवू?" हा प्रश्न अलीकडे तीन-चार तरुण कार्यकर्त्यांनी मला विचारला. एरवी आरक्षणावर, अॅट्रॉसिटीवर तावातावाने बोलणारी ही पोरं हा प्रश्न विचारताना आवाज खाली घेतात. कार्यकर्त्याने वाढदिवस, फुगे, केक असल्या गोष्टींत लक्ष घालावं की नाही, याची त्यांना लाज वाटते. आधी या लाजेबद्दल बोलू आणि मग थीमबद्दल.

चळवळीत एक जुनं मत आहे. वाढदिवस म्हणजे चोचले, बाजाराने आपल्या डोक्यावर बसवलेलं खूळ. समाज उपाशी असताना केक कसले कापता? मत प्रामाणिक आहे, पण मला ते अर्धवट वाटतं. तुमच्या आजोबांची जन्मतारीख काय, हे एकदा त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर पाहा. दहातल्या कितीतरी घरांत १ जून निघेल. आजीला विचारा, ती सांगेल, "दुष्काळात झाला बघ तुझा बा." पोरगं कधी जन्मलं हे लिहून ठेवायला घरात लिहिणारं कोणी नव्हतं आणि शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी सोयीची तारीख ठोकून दिली. सोलापुरात मिलच्या चाळींतून, विडी वळणाऱ्या घरांतून अशी १ जूनची माणसं हजारोंनी सापडतील. ज्यांच्या जन्माची नोंद घ्यावी असं व्यवस्थेला कधी वाटलं नाही, त्यांच्या नातवाला स्वतःची खरी तारीख आहे आणि ती तो बोटं मोजून सांगतो. याला चोचले म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणखी एक गोष्ट. बाबासाहेब आणि रमाई यांची पाच मुलं, यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. त्यातला एकटा यशवंत जगला. पाचातली चार लेकरं लहानपणीच गेली. त्या काळी आपल्या वस्त्यांत लेकरू पाच वर्षांचं होणं हीच केवढी मोठी गोष्ट होती, ते यावरून समजून घ्या.

आणि वाढदिवस आपल्या चळवळीला परका आहे असंही नाही. जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पुण्यात १४ एप्रिल १९२८ ला बाबासाहेबांची जयंती पहिल्यांदा सार्वजनिक साजरी केली, तेव्हा बाबासाहेब ३७ वर्षांचे होते. आपला सर्वांत मोठा सण मुळात एका जिवंत माणसाचा वाढदिवस होता.

आनंदाच्या जेवणावर आपल्याला मार खावा लागलेला आहे, हेही विसरू नका. 'जातिप्रथेचे विध्वंसन' वाचलेल्यांना चकवारा आठवत असेल. जयपूर संस्थानातलं ते गाव. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्या जातभाईंना जेवण घातलं आणि पानात तूप वाढलं. शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, अन्न नासवलं, जेवणाऱ्यांना बदडून काढलं. अस्पृश्याने तूप वाढावं म्हणजे काय, हा त्यांचा राग होता. ज्यांच्या पंगतीतलं तूप लोकांना खुपलं, त्यांनी आज साधेपणाचं प्रवचन ऐकून लेकराचा केक लपवून कापायचा का? मला तरी हे पटत नाही.

तेव्हा वाढदिवस करा. आता थीम.

बाजारात तयार माल भरपूर आहे. नवी पेठेत चक्कर मारा, राजकन्या, स्पायडरमॅन, छोटा भीम, डोरेमॉन, जंगल, सगळं पाकिटात मिळतं. मुलाला स्पायडरमॅन हवा असेल तर बिघडत काही नाही. त्याच्या वयाला उड्या मारणारा माणूस आवडतो, त्यात वैचारिक घसरण शोधत बसू नका. माझा आक्षेप आहे तो गोऱ्या राजकन्येला. आपली सावळी पोरगी त्या गुलाबी झग्यात उभी राहते, चेहऱ्याला पावडर थापलेली असते आणि चार बायका म्हणतात, "आज किती गोरी दिसतीय!" पाच वर्षांच्या मुलीला त्या एका वाक्यातून जे कळतं, ते पुढे वीस व्याख्यानांनी पुसलं जात नाही. तिला राजकन्या व्हायचंच असेल तर होऊ द्या, पावडरचा डबा मात्र कपाटात ठेवा.

कपड्यांचा प्रश्न आपल्याकडे कधीच फालतू नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली आणि ज्या नेसण्यावरून, ज्या दागिन्यांवरून जात ओळखू येते ते टाकून द्या, नीटनेटकं राहा, असं सांगितलं. तेव्हा पोराला छान कपडे घाला. सोलापुरात गणवेश शिवणारे एवढे कारखाने आहेत, घरोघरी शिलाई मशीन आहे, उरलेल्या कापडात टोपी आणि अंगरखा सहज निघतो. भाड्याच्या घामट ड्रेसपेक्षा तो बरा, आणि नंतरही वापरता येतो.

दुसरं टोक आपल्याच तरुणांचं आहे आणि त्यावर मला जरा कडक बोलायचं आहे. 'भीम थीम'. निळे फुगे, निळा पडदा, पोराला कोट-चष्मा, हातात संविधानाची प्रत आणि केकवर बाबासाहेबांचा फोटो. भावना समजते. पण त्या केकवर सुरी कुठून फिरवणार आहात? कपाळावरून की गळ्यावरून? शेवटी क्रीममधला तो चेहरा कागदी प्लेटमध्ये चिवडला जातो आणि खरकट्यात पडतो. ज्या माणसाच्या पुतळ्याची विटंबना झाली की आपण रस्त्यावर उतरतो, त्याचा चेहरा आपणच खायचा? आणि पोराचं काय? १४ एप्रिलला त्याला कोट घाला, मिरवणुकीत खांद्यावर घ्या, तो दिवस बाबासाहेबांचा आहे. हा दिवस पोराचा आहे. त्याला दोन तास कोटात उकडवून, फोटोसाठी बोट वर करायला लावून तुम्ही त्याला बाबासाहेब देत नाही, फक्त कंटाळा देता. सोलापूरचा उन्हाळा असेल तर घामोळंही.

मग माझं सुचवणं काय? रेल्वे.

हसू नका. सोलापूर हे रेल्वेचं गाव आहे, विभागाचं मुख्यालय. आपल्या पोरांना गाडीचा भोंगा पाळण्यापासून माहीत. घरातल्या खुर्च्या, पाट, उशा एकामागे एक लावल्या की गाडी तयार. फ्रिजच्या नाहीतर टीव्हीच्या खोक्याचं इंजिन होतं. कार्डपेपरची तिकिटं कापा, एक मोठा भाऊ किंवा आत्या टीसी होईल. डबा एकच ठेवा, त्यात फर्स्ट क्लास नाही. ज्याचा वाढदिवस तो ड्रायव्हर, पण दर स्टेशनाला ड्रायव्हर बदलायचा, म्हणजे इतर पोरंही रडत नाहीत.

आणि स्टेशनं तीनच. कार्यकर्त्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे, तुम्ही महू, बडोदा, कोलंबिया, नागपूर अशी वीस स्टेशनं लावून बसाल. पाच वर्षांची पोरं तिसऱ्या स्टेशनानंतर गाडी उलटी करतात.

पहिलं स्टेशन मसूर. सातारा जिल्ह्यातलं हे छोटं स्टेशन 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचलेल्यांच्या काळजात कायमचं थांबलेलं आहे. १९०१ साल. भीमराव, त्यांचा मोठा भाऊ आणि बहिणीची मुलं असे उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांना भेटायला निघाले होते. आयुष्यातला पहिला मोठा रेल्वे प्रवास. नवे सदरे, चमकीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं असा थाट केलेला. म्हणजे पोरं नटली होती, आज आपण वाढदिवसाला नटवतो तशीच. त्या कपड्यांवरून स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणाची मुलं वाटली. महार म्हटल्यावर त्याचा चेहराच बदलला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. भाड्याने गाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडं देऊन पोरांनी स्वतः बैल हाकले आणि गाडीवान बाजूने चालत राहिला. सोबत खायला होतं, पण वाटेत प्यायला पाणी कोणी दिलं नाही.

आपल्या घरातल्या मसूर स्टेशनावर एक माठ ठेवा. गाडी थांबली की ज्याचा वाढदिवस त्याने प्रत्येक प्रवाशाला स्वतःच्या हाताने पाणी द्यायचं, उन्हाळा असेल तर सरबत. सगळ्यांना एकसारखे पेले. बस, एवढंच. भाषण नको.

दुसरं स्टेशन नायगाव, सावित्रीमाईंचं गाव. तिथे पाट्या आणि रंगीत खडू. मुलांनी काय हवं ते काढावं, तुम्ही दुरुस्त करायचं नाही. शेवटचं स्टेशन सोलापूर. इथे जेवण, आणि उतरताना प्रत्येकाला एक वही, एक पेन्सिल. प्लास्टिकच्या शिट्ट्या-खेळण्यांच्या पाकिटापेक्षा हे बरं, आणि त्याला या शहरात इतिहास आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ ला सोलापुरातच हायस्कूलच्या मुलांसाठी वसतिगृह उघडलं. जेवण, कपडे, लेखनसाहित्य सभेने पुरवलं आणि इथल्या नगरपालिकेने महिना ४० रुपये अनुदान दिलं. आपल्या शहरातल्या किती आंबेडकरी पोरांना हे माहीत आहे?

आता जेवणाकडे वळू, कारण खरी परीक्षा तिथे आहे. शाळेतल्या मित्रांना बोलावलं की काही घरांतून पोरं येतात आणि आल्या आल्या सांगतात, "आई म्हणाली, मी जेवून आलोय." पाच वर्षांचं पोर वाढदिवसाला जेवून येत नाही हो. आपल्याला कळतं, आपण गप्प बसतो. आणि पुढच्या वर्षी आपलीच माणसं यावर एक तोडगा काढतात. घरात काही शिजवायचंच नाही, सगळं बेकरीचं, पाकीटबंद, सील फोडायचं ते पाहुण्यांसमोर, म्हणजे कोणाला अडचण नको. हा तोडगा मला सर्वांत जास्त टोचतो. दुसऱ्याच्या विटाळाची सोय आपण आपल्या पैशाने, आपल्या लेकराच्या दिवशी करून देतो. घरात शिजवा. पोराला आवडतं ते शिजवा. पुरी-भाजी, शेंगापोळी, मटण-भाकरी, जे असेल ते. जे खातील ते आपले. जे खाणार नाहीत त्यांच्या पोरावर डोळे वटारू नका, त्याचा काय दोष? त्याला गाडीत बसवा, मसूरला पाण्याचा पेला पुढे करा. कित्येकदा पोर पितं. आईचा निरोप खेळताना विसरून जातं.

पण मग यादी आपलीही तपासा. आपल्या पोराच्या वाढदिवसाला मातंग वस्तीतलं कोण येतं? ढोर गल्लीतलं? सेटलमेंटमधल्या कैकाडी, पारधी घरातलं कोण येतं? याच सोलापुरात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात कोंडलं होतं. जन्माने गुन्हेगार ठरवणारा तो १८७१ चा कायदा १९५२ ला रद्द झाला. त्या पोरांचा जन्म हाच गुन्हा होता, मग त्यांच्या वाढदिवसाचं काय बोलायचं? आपल्या पोराच्या वर्गात त्यांची नातवंडं आहेत. आपण त्यांना तिकीट दिलं नाही तर स्टेशनमास्तरवर चिडायचा अधिकार आपल्याकडे किती उरतो?

पैशाबद्दल थोडक्यात. हॉल नको, डेकोरेशनवाला नको. बचत गटाचा हप्ता मागे ठेवून किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज काढून वाढदिवस करणारी घरं मी पाहतो आहे आणि फेडणारी बाई विड्या वळून फेडते. हजार विड्या म्हणजे दिवसाची कंबर मोडते. खोकं, खडू, माठ आणि घरचं जेवण याला कर्ज लागत नाही.

औक्षणाचा वाद प्रत्येक घरात होतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ताट-कुंकू-मुहूर्त यांना जागा नाही, हे माझं स्पष्ट मत. पण आजीशी हे आदल्या आठवड्यात बोला, पाहुण्यांसमोर तिच्या हातातलं ताट हिसकावू नका. त्रिशरण-पंचशील म्हणा, दोन मिनिटं लागतात, त्यात आजीलाच पुढे उभी करा. मेणबत्ती फुंकायची की नाही, हे पोराला विचारा. "दिवा विझवणं आपल्या संस्कृतीत अशुभ" असे व्हॉट्सअॅप संदेश कोणाच्या कारखान्यातून येतात हे माहीत असूनही आपले लोक ते पुढे ढकलतात, याचं मात्र नवल वाटतं.

राहिला एक प्रश्न, जो एका तरुण आईने मला विचारला. इतक्या लहान पोराला मसूरची गोष्ट सांगायची का? आनंदाच्या दिवशी जात कशाला? तिची भीती खरी आहे. मी म्हणेन, त्या दिवशी सांगूच नका, फक्त पाणी वाटू द्या. पण शाळेत कोणीतरी त्याला आडनावावरून विचारणार आहे, पहिलीत नाहीतर तिसरीत. तो प्रश्न त्याला परक्याच्या तोंडून पहिल्यांदा कळावा, की आपल्या घरातल्या खेळाची आठवण मागे असताना कळावा? तो विचारेल तेव्हा सांगा. चार पोरं होती, आपल्यासारखीच नटलेली, गाडीतून उतरली, त्यांना तहान लागली आणि कोणी पाणी दिलं नाही. पोर नक्की पुढचं विचारेल, "मग मिळालं का पाणी?" तेव्हा गोष्ट गोड करू नका. रात्रभर नाही मिळालं. टोलनाक्यावर ती तशीच उपाशी-तहानलेली झोपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास वडिलांकडे पोहोचली.

जय भीम.