चेंबरची तोटी व काळें तेल

या मासिकांत बियाणें, खतें, कीड व बाजारभाव यांविषयीं नेहमीं लिहिलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या यंत्रावर आज आपली नांगरट, पेरणी व मालाची ने-आण अवलंबून आहे, त्याच्या पोटांतील तेलाविषयीं कोणी दोन शब्द लिहिलेले आमच्या पाहण्यांत नाहींत. म्हणून ही लहानशी सूचना वाचकांपुढें ठेवीत आहों. आम्ही यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेले व वडिलोपार्जित जमीन कसणारे एक सामान्य गृहस्थ आहों. तरी जें हातानें केलें व डोळ्यांनीं पाहिलें, त्याच्याच आधारें लिहितों.

ट्रॅक्टर असो, विहिरीवरील डिझेल इंजिन असो, कीं घरची मोटार असो, इंजिनाचें वंगणतेल ठराविक काळानें बदलावेंच लागतें. तेलांत काजळी व धातूचा बारीक कीस मिसळत जातो, आणि त्याचा वंगणाचा गुण उतरत जातो. बदलण्याची मुदत यंत्रासोबत मिळणाऱ्या पुस्तकांत दिलेली असते. ट्रॅक्टरची तासांनीं, मोटारीची किलोमीटरांनीं. हें सर्वांस ठाऊक असूनहि मुदत टळते. तेल महाग झालें म्हणून टळते, असें लोक सांगतात. आमच्या मतें तें अर्धेंच खरें आहे. उरलेलें अर्धें कारण हें कीं, काम घाणेरडें व कटकटीचें आहे. यंत्राखालीं उताणें पडावें, चेंबरचा बोल्ट पान्यानें सैल करावा, शेवटचा आटा सुटतांच गरम तेलाची धार कोपरापर्यंत ओघळावी, बोल्ट घमेल्यांत पडावा व तो काळ्या तेलांत चाचपडत बसावें! असें काम ‘उद्यां करूं’ म्हणून कोण टाळणार नाहीं?

आम्हींहि टाळलें, आणि त्याचें फळ भोगलें. कांहीं वर्षांपूर्वीं रब्बीच्या पेरणीच्या ऐन तोंडावर ट्रॅक्टरचें तेल बदलावयास घेतलें. मागच्या वेळीं कोणी तरी तो बोल्ट अवाजवी जोरानें आवळला होता. पाना घसरला, बोल्टाचें डोकें गोल झालें, मग छिन्नी-हातोडा आला. आणि बोल्ट निघाला तो चेंबरचे आटे सोबत घेऊनच निघाला. तीन दिवस ट्रॅक्टर जागीं उभा राहिला. तेवढ्यांत जमिनीचा वापसा गेला, व हरभरा विरळ उगवला. याहून वाईट गोष्ट पुढेंच आहे. ट्रॅक्टर विहिरीजवळ उभा होता व या धांदलींत बहुतेक तेल जमिनीवर सांडलें होतें. रात्रीं अवकाळी पावसाची सर आली. सकाळीं पाहतों तों विहिरींतील पाण्यावर रंगीबेरंगी तवंग! त्या विहिरीचें पाणी आमचें घर पीत होतें. पुढें कित्येक दिवस पिण्याचें पाणी शेजाऱ्यांच्या विहिरीवरून आणावें लागलें. दोष कोणा मिस्त्र्याचा नव्हता. आमच्या आळसाचा व त्या एका बोल्टाचा होता.

यावर एक सोपा उपाय निघालेला आहे. चेंबरच्या बोल्टाच्या जागीं कायमची एक लहान तोटी बसवितात. तिच्या आंत आरपार भोंक असलेला धातूचा गोळा असतो. बाहेरची मूठ पाव फेरा फिरविली कीं भोंक सरळ होतें व तेल वाहूं लागतें. उलट फिरविली कीं बंद. ती आपोआप उघडूं नये म्हणून चांगल्या तोटीची मूठ खांचेंत अडकलेली असते. प्रथम ती स्प्रिंगच्या विरुद्ध उचलावी लागते, तेव्हांच फिरते. कांहीं प्रकारांत तोंडाशीं नळी चढविण्याची सोय असते, म्हणजे तेल थेट डब्यांत उतरतें व जमिनीवर थेंब पडत नाहीं. जपानांतील फुमोटो ही कंपनी अशा तोट्या बनविते; इतर देशांतहि त्या बनतात. लहान विमानांच्या पिस्टन इंजिनांवरसुद्धां याच कामाच्या तोट्या वापरतात. तेव्हां ही केवळ हौशी लोकांची चीज आहे असें समजूं नये.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, इतकी सोय आहे तर कारखानदार ती मुळांतच कां देत नाहीं? बोल्ट स्वस्त असतो व खालीं लोंबत नाहीं, हें त्याचें उघड कारण. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: लोंबणारी तोटी ढेकळाला, दगडाला किंवा पऱ्हाटीच्या खुंटाला अडकून मोडली तर सारें तेल वाटेंतच सांडेल व इंजिन जळेल. ही भीति खोटी नाहीं. म्हणून चेंबरच्या तळापासून जमिनीपर्यंत किती अंतर आहे व पुढें आडोसा आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. ज्या मोटारीचें पोट गतिरोधकास घासतें, तिला तोटी बसवूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. ट्रॅक्टरलाहि आंखूड तोटीच घ्यावी, व मुठीस अडकवावयाची क्लिप मिळाल्यास तीहि लावावी. तिसरें, तोटीचें भोंक लहान असल्यानें तेल सावकाश उतरतें व थोडें तळाशीं राहूं शकतें. याकरितां इंजिन कोमट असतांना, यंत्र सपाट जागीं उभें करून, धार पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी. शिवाय कांहीं बोल्टांस लोहचुंबक असतो, तो धातूचा कीस धरून ठेवितो. तोटी बसविल्यानें ती सोय जाते, हेंहि लक्षांत घ्यावें.

घेतांना आट्यांचें माप तंतोतंत जुळलें पाहिजे. व्यास सारखा असून आट्यांतील अंतर निराळें असलें तरी तोटी तिरपी शिरते व चेंबर फुकट जातो. वायसर नवा घालावा, आवळतांना जोर बेताचाच लावावा, आणि पहिले कांहीं दिवस रोज सकाळीं खालीं वांकून थेंब दिसतो काय तें पाहावें. यंत्र हमीच्या मुदतींत असेल तर विक्रेत्यास आधीं लेखी विचारावें. आणि तोटी आली म्हणजे फिल्टर बदलण्याचें काम चुकलें, असें कोणीं मानूं नये.

परंतु आम्ही या तोटीची शिफारस करितों ती केवळ सोयीसाठीं नव्हे. खरा प्रश्न काळ्या तेलाचा आहे. बोल्ट काढून सोडलेलें तेल निम्में जमिनीवर जातें; उरलेलें कोणी बांधावर ओततो, कोणी वाळवी लागूं नये म्हणून खांबांस फासतो. अमेरिकेची पर्यावरण-संरक्षण संस्था सांगते कीं, एका वेळच्या बदलींतील वापरलेलें तेल दहा लक्ष गॅलन, म्हणजे सुमारें ३८ लक्ष लिटर, गोडें पाणी बिघडवूं शकतें. आपल्याकडेहि २०१६ च्या नियमांनीं वापरलेलें तेल घातक कचऱ्यांत धरलें आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीनें १ एप्रिल २०२४ पासून तेल बनविणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. पण जें तेल बांधावर ओतलें गेलें, तें कोणती कंपनी परत नेणार? तें आधीं डब्यांत तर आलें पाहिजे! तोटी व नळी यांचें खरें मोल येथें आहे.

म्हणून आपल्या संस्थेस आमची विनंति अशी. सभासदांच्या यंत्रांचीं मापें गोळा करून चांगल्या तोट्या एकत्र मागवाव्यात, म्हणजे चुकीचें माप कोणाच्या पदरीं पडणार नाहीं. संस्थेच्या गोदामांत पावसापासून आडोशाला, घट्ट झांकणाचें एक पिंप ठेवावें, सभासदांनीं काळें तेल त्यांत आणून ओतावें, व पिंप भरतांच तें परवानाधारक पुनर्शुद्धि करणाऱ्यासच द्यावें. त्या पिंपांत रॉकेल किंवा पाणी मिसळूं देऊं नये. तिसरी गोष्ट आमच्या जुन्या पेशाची आहे: प्रत्येकानें एक वही घालून तेल बदलल्याची तारीख, तास व किती लिटर भरलें याची नोंद ठेवावी. सात-बारावर एक ओळ चुकली तर आपण तालुक्याला दहा खेटे घालतों; मग लाखो रुपयांच्या यंत्राची एक ओळहि आपल्या घरीं नसावी काय?

तोटी ही लहानशीच वस्तु आहे. तिनें पीक वाढणार नाहीं कीं कर्ज फिटणार नाहीं. परंतु वापसा साधणें व विहीर स्वच्छ राखणें या दोन गोष्टी शेतकऱ्याच्या हातच्या आहेत, आणि त्यांस ती उपयोगी पडते, असा आमचा अनुभव आहे. ज्यांस निराळा अनुभव आला असेल त्यांनीं तो याच पानांतून अवश्य कळवावा.

— एक निवृत्त महसूल कारकून