विश्लेषण: पांढरी वाइन बारामतीजवळची, मासे भिगवणचे, तरी दोन्ही एका ताटात का नाहीत?

पणदरे म्हणजे नीरा डाव्या कालव्याचा ऊसपट्टा. इथे चर्चा असते ती कारखान्याच्या दराची. पण बारामतीहून पाटसकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दौंड तालुक्यातील रोटी गावाजवळ महालासारखी एक इमारत दिसते. ती आहे ‘फोर सीझन्स’ची वायनरी. युनायटेड स्पिरिट्सने उभारलेली ही वायनरी २०१९ मध्ये ‘ग्रोव्हर झम्पा’कडे गेली. या भागात वाइन तयार होते, पण इथल्या जेवणात ती क्वचितच दिसते. असे का?

पांढरी वाइन चुरचुरीत कशी होते?

वाइनचा हा ताजा, आंबूस चटका द्राक्षातल्या आम्लामुळे येतो. महाराष्ट्रात द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. त्यामुळे युरोपात शरद ऋतूत होणारी काढणी आपल्याकडे जानेवारी ते मार्चदरम्यान होते. थंड रात्री मण्यातले आम्ल टिकवतात. ऊन वाढले की साखर चढते आणि आम्ल उतरते. म्हणूनच सोव्हिन्यो ब्लां, शेनिन ब्लां या पांढऱ्या जातींची तोडणी लवकर करतात.

कोणत्या पदार्थांबरोबर जमते?

नियम सोपा आहे. ताटात लिंबाची फोड जिथे चालते, तिथे ही वाइनही चालते. इंदापूर तालुक्यातील भिगवण उजनीच्या माशांसाठी प्रसिद्ध आहे. तिथली तळलेली चिलापी हे याचे उत्तम उदाहरण. आम्लामुळे तेलकटपणा कमी जाणवतो. कोथिंबीर वडी, अळूवडी, सुरळीची वडी यांच्याबरोबरही सोव्हिन्यो ब्लां जुळते. काळ्या मसाल्याच्या मटण रश्श्याबरोबर मात्र ती हरते, कारण अल्कोहोलमुळे मिरचीची आग आणखी जाणवते. थोडे तिखट असेल तर किंचित गोडसर शेनिन ब्लां बरी. बाटली ८ ते १० अंशांपर्यंत गार असावी.

मग अडते कुठे?

पहिली अडचण विक्रीची. राज्याच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने वाइन उद्योगाला उत्पादन शुल्कात सवलत दिली. विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्कही आखले. म्हणजे उत्पादनाला चालना मिळाली, पण विक्री मद्याच्या दुकानांपुरतीच राहिली. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने किमान १,००० चौरस फुटांच्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, तेव्हा विरोधात असलेल्या भाजपनेही टीका केली. पुढे सरकार बदलले आणि निर्णय अमलात आला नाही.

विरोध निराधार आहे का?

नाही. दारूमुळे घर मोडल्याचा अनुभव गावोगावच्या बायकांना आहे. त्यांच्यासाठी वाइन आणि दारू हा फरक निव्वळ शब्दांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले, की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. राज्यात वाइन पिण्यासाठी किमान वय २१ वर्षे आहे.

शेतकऱ्याचा प्रश्न काय?

खाण्याची द्राक्षे एका व्यापाऱ्याने नाकारली, तर दुसरा मिळतो. बेदाणाही करता येतो. वाइनची द्राक्षे लहान, बियांची आणि जाड सालीची असतात. वायनरीने पाठ फिरवली की त्यांना दुसरे गिऱ्हाईक जवळजवळ नसते. २००८ च्या मंदीनंतर मागणी घटली, तेव्हा अनेकांना या बागा तोडाव्या लागल्या. त्यात आता परदेशी स्पर्धाही आहे. डिसेंबर २०२२ मध्ये लागू झालेल्या करारानुसार ऑस्ट्रेलियाच्या महागड्या वाइनवरील १५० टक्के आयात शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होत आहे.

पुढे काय?

ऊसपट्ट्यातला शेतकरी एका वेळी दोन गोष्टी पाहतो. उसाला पाणी जास्त लागते, पण त्याला कारखाना आणि एफआरपीचा आधार आहे. वाइनच्या द्राक्षांना पाणी कमी लागते, पण कायद्याने ठरलेला किमान दर नाही. सरकारने वाइन तयार करायला हात दिला, मात्र ती कोणी, कुठे आणि किती प्यावी यावर समाजाशी बोलणे टाळले. हे बोलणे होत नाही तोवर बागेतली जोखीम शेतकऱ्याच्याच माथी राहील.