मुख्याधिकारी अडला की फोन कुणाला करतो?

बकरी ईदला आठ-दहा दिवस राहिले की माझा फोन वाजू लागायचा. मी निरनिराळ्या नगरपरिषदांमध्ये मुख्याधिकारी म्हणून काम केलं. फोन करणारे बहुतेक माझेच व्यवसायबंधू असत. कुणी शेजारच्या तालुक्यातला, कुणी दुसऱ्या जिल्ह्यातला, कुणी एखाद्या बैठकीत एकदाच भेटलेला. प्रश्न ठरलेला असे, "सर, तुमच्याकडे कसं करता?"

मी सांगायचो. तात्पुरत्या जागेची परवानगी पंधरा दिवस आधी काढा, शेवटच्या दिवसावर ठेवू नका. गल्लीनिहाय जाड पिशव्या आदल्या दिवशीच वाटा. घंटागाडी नेहमीच्या वेळी सकाळी सातला पाठवू नका. नमाज आणि कुर्बानी आटोपेपर्यंत ती रिकामीच परत येते, आणि खरा कचरा दुपारी रस्त्यावर येतो तेव्हा गाडी डेपोत उभी असते. दुपारी, संध्याकाळी आणि रात्री अशा फेऱ्या लावा. त्या भागाला पाणी जास्त वेळ सोडा. खड्डा आदल्या दिवशी खणून ठेवा. आणि मुकादमाकडे मोहल्ल्यातल्या चार तरुणांचे नंबर असू द्या.

हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. मुसलमान असल्यामुळे आपोआप येत होतं, असंही नाही. पहिल्या नेमणुकीत मी स्वतःच सकाळी सातला गाडी पाठवली होती. दुपारी मोहल्ल्यातून तक्रारी आल्या, आणि संध्याकाळपर्यंत शेजारच्या वस्तीतूनही. लहानपणापासून ईद साजरी करणारा मी, पण कचरा किती वाजता बाहेर पडतो याचा कधी विचार केला नव्हता. तो हिशेब मला शिकवला एका मुकादमाने. तो मुसलमान नव्हता. वीस वर्षं तो त्याच भागात होता, एवढंच.

तर मला मुद्दा मांडायचा आहे तो हा. शासनाच्या कागदावर अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण वेगळं असतं आणि त्यांचं खरं शिक्षण वेगळ्याच वाटेने होतं. ती वाट म्हणजे फोन. बॅचमेटचा, जुन्या सहकाऱ्याचा, आपल्या आधी त्या खुर्चीत बसून गेलेल्याचा. आता तिला व्हॉट्सअॅप ग्रुपची जोड मिळाली आहे. शासन निर्णयाचा अर्थ काय, लेखापरीक्षणाच्या आक्षेपाला उत्तर कसं द्यायचं, निविदेत कुठली अट घातली तर कोर्टात टिकते, हे सगळं त्या वाटेनेच येतं. यात काही गैर नाही, जगभर असंच चालतं. अमेरिकेत शहर व्यवस्थापकांनी १९१४ साली आपली संघटना काढली ती याच गरजेतून, आणि १९२४ मध्ये स्वतःसाठी आचारसंहिताही लिहिली. आपल्याकडे अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था १९२६ पासून मुंबईत आहे, पुण्यात यशदा आहे. तिथली प्रशिक्षणं वाईट नाहीत, मी ती घेतली आहेत. पण जेवणाच्या सुट्टीत जे शिकलो ते जास्त टिकलं.

अडचण अशी, की या फोनच्या वाटेवर कोण आहे आणि कोण नाही, हे कुणी ठरवत नाही. ते आपोआप ठरतं. माझंच बघा. ईदच्या आधी मला फोन करणाऱ्यांपैकी कुणी मला पाणीपट्टीच्या वसुलीबद्दल कधी विचारलं नाही. दुहेरी नोंद लेखापद्धती आली तेव्हा माझ्या कार्यालयाने ते काम वेळेत केलं होतं, पण त्याबद्दलही कुणी विचारलं नाही. सहकाऱ्यांच्या मनातल्या यादीत माझ्या नावापुढे एकच विषय लिहिलेला होता. त्यात त्यांचा दुष्टावा नव्हता. बरेच जण चांगले मित्र होते, आजही आहेत. पण एखाद्या अधिकाऱ्याला त्याचा धर्म हेच त्याचं तज्ज्ञपण म्हणून बहाल केलं, की त्याच्या बाकीच्या कामाला कुलूप लागतं. आणि दुसरं नुकसान त्याहून मोठं. मोहल्ल्याचं काम हे सगळ्याच अधिकाऱ्यांना यायला हवं असं काम न राहता 'त्या' अधिकाऱ्याचं काम होऊन बसतं. बदल्यांच्या २००५ च्या कायद्यानुसार एका जागी सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची. तीन वर्षांनी तो गेला की पालिका पुन्हा सकाळी सातला घंटागाडी पाठवते.

घंटागाडीचं एक वेळ चालेल, कचरा दोन दिवसांनी उचलला जातो. विवाह नोंदणीच्या टेबलावर असं होत नाही.

महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाह नोंदणी सर्व धर्मीयांना लागू आहे, आणि शहरात ते काम पालिकेकडे आहे. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २००६ मध्ये सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात मुस्लिम महिलांना घेऊन विधिमंडळावर मोर्चा नेला. त्यानंतरची आपली सगळी लढाई कायद्याच्या पातळीवर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण पोटगी मागायला कोर्टात गेलेल्या बाईच्या हातात लग्नाचा सरकारी दाखला आहे की नाही, हे ठरतं पालिकेच्या त्या टेबलावर, दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी.

तिथे काय होतं ते मी पाहिलं आहे. निकाहनामा फक्त उर्दूत असतो. लिपिकाला वाचता येत नाही, भाषांतर कुणी करून द्यायचं ते त्याला सांगता येत नाही, म्हणून तो "उद्या या" म्हणतो. निकाहनाम्यावर साक्षीदार दोन, पालिकेच्या नमुन्यात तीन. लिपिक म्हणतो कागद अपुरा. एका प्रकरणात निकाहनाम्यावर फक्त हिजरी तारीख होती. निकाह मगरिबनंतर झालेला, म्हणजे हिजरी दिवस बदललेला. लग्नपत्रिकेवरच्या तारखेशी एका दिवसाचा फरक पडला आणि मुलीच्या वडिलांनी चार हेलपाटे घातले. पाचव्यांदा ते आले नाहीत. त्या मुलीची नोंद माझ्या कार्यालयात झाली नाही, आणि मला हे सहा महिन्यांनी कळलं. अहवालात ते कुठेच दिसत नव्हतं, कारण न झालेल्या नोंदीचा रकाना नसतो.

ठाणे महापालिकेचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं ते अनेकांना आठवत असेल. एका मुस्लिम पुरुषाच्या तिसऱ्या विवाहाची नोंदणी तिथे नाकारली गेली. कायद्यात एकाच विवाहाचा उल्लेख आहे, असं कारण दिलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते कारण फेटाळलं. हा कायदा वैयक्तिक कायदे बाजूला सारत नाही, असं सांगून सुनावणी घेऊन निर्णय द्यायला फर्मावलं. त्याच पुरुषाचा दुसरा विवाह त्याच यंत्रणेने नोंदवलेला होता, हेही न्यायालयाच्या नजरेतून सुटलं नाही. आपल्यापैकी अनेकांना हा निकाल गिळायला जड गेला. बहुपत्नीत्वाच्या विरोधात आपण उभे आहोत आणि मीही आहे. पण नोंदणी नाकारल्याने बहुपत्नीत्व थांबत नाही. थांबतो तो बाईचा कागद. पुरुषाचं लग्न मोहल्ल्याला माहीत असतं. कोर्टात पुरावा तिला द्यावा लागतो. त्या टेबलावरच्या अधिकाऱ्याला मनातून जे वाटत असेल ते असो, कायदा नेमका काय सांगतो हे त्याला फोनवरून विचारता येईल अशी माणसं त्याच्या ओळखीत हवी होती.

आणि इथे बोट आपल्याकडेही वळतं. मुख्याधिकाऱ्याच्या मोबाइलमध्ये मोहल्ल्याचे किती नंबर असतात? मी अनेकांचे पाहिले आहेत. बहुधा एकच असतो, आणि तो 'मुस्लिम समाज' या नावाने सेव्ह केलेला असतो. तो कधी मौलाना असतो, कधी माजी नगरसेवक, कधी पालिकेचाच कंत्राटदार. बाई कधीच नसते. २०२२ नंतर बहुतेक पालिकांवर प्रशासक आले आणि निवडून आलेलं सभागृह पार २०२५ च्या अखेरीपर्यंत, काही ठिकाणी जानेवारी २०२६ पर्यंत नव्हतं. त्या काळात तर हा एक नंबर म्हणजेच अख्खा मोहल्ला झाला. गटार कुठे घालायची, शादीखान्याचा निधी कशाला वापरायचा, शाळेच्या मैदानाचं काय करायचं, सगळं त्याला विचारून. आपण तक्रार केली, लेख लिहिले. पण अधिकाऱ्याला दुसरा नंबर दिला नाही.

आपल्या वस्त्यांमध्ये नगरसेवकांचे सत्कार होतात, पालिकेच्या अभियंत्याची कुणाला ओळखही नसते. रमजानमध्ये इफ्तारला अधिकारी येतात, खजूर खातात, फोटो निघतात, आणि ड्रेनेजबद्दल चकार शब्द निघत नाही, कारण पाहुण्याला काम सांगणं बरं दिसत नाही. करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरांत मुलांना यूपीएससीची स्वप्नं दाखवली जातात, ती दाखवावीतच. पण महाराष्ट्र नगरपरिषद राज्यसेवा नावाचं काही आहे, त्यात लेखा, कर, अभियांत्रिकी, अग्निशमन अशा पदांची भरती होते, हे त्या व्यासपीठावरून मी क्वचितच ऐकलं. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत आपण साडेअकरा टक्के, आणि त्यातले बहुसंख्य शहरांत राहणारे. ज्यांचं रोजचं जगणं पालिकेशी सर्वात जास्त बांधलेलं आहे, त्यांनाच पालिकेची नोकरी दुय्यम वाटावी याचं मला कोडं आहे.

कौशल्याची किंमत वेळ आली की कळते. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हा तहसीलांपासून पालिकांपर्यंत उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. ज्या लिपीमुळे आमच्या मुलीचा निकाहनामा परत जात होता, तीच लिपी वाचणारा माणूस तेव्हा हवा होता.

निवृत्तीनंतर एकदा नव्या मुख्याधिकाऱ्यांसमोर बोलायचं निमंत्रण आलं. विषय दिला होता 'अल्पसंख्याकांसाठीच्या योजना', वेळ चाळीस मिनिटं, जेवणानंतरची. योजना त्यांना संकेतस्थळावर मिळतात, त्या मी बाजूला ठेवल्या. नावं झाकलेल्या एका निकाहनाम्याच्या प्रती वाटल्या, सोबत मराठी भाषांतर आणि पालिकेचा कोरा नमुना. म्हटलं, भरा. दहा मिनिटांत सभागृह जागं झालं. मेहर कुठल्या रकान्यात लिहायचा? वकील म्हणजे कोर्टातला का? काझीचा शिक्का नसेल तर? असे पंचवीस-तीस प्रश्न आले. चाळीस मिनिटांचे दीड तास झाले आणि पुढच्या वक्त्याने माझ्याकडे जसं पाहिलं ते मी विसरणार नाही. जाताना माझ्यासोबत तीन नंबर घेतले गेले: एका महिला वकिलांचा, चळवळीतल्या एका कार्यकर्तीचा आणि एका काझींचा. नंबर कुणाच्या नावाने सेव्ह करता ते मी मुद्दाम पाहिलं. नावानेच केले होते.

माझं म्हणणं एवढंच आहे, की हे प्रत्येक जिल्ह्यात करता येईल. नवी सभागृहं बसली आहेत, नगरसेवक नवे आहेत, अनेक ठिकाणी अधिकारीही नवे आहेत. निवेदन देऊन पोच घेण्यापेक्षा विवाह नोंदणीच्या लिपिकासोबत एक सकाळ बसावं. त्याला निकाहनामा वाचून दाखवणारं चार पानी टिपण द्यावं. त्याने अडल्यावर कुणाला फोन करायचा ते सांगावं, आणि तो फोन उचलावा. रात्री नऊलाही उचलावा, कारण ही मंडळी फायली घरी नेतात.

त्या सत्रानंतर दोन महिन्यांनी एका तरुण मुख्याधिकारी बाईंचा फोन आला. एका महिलेला दुसऱ्या विवाहाची नोंद करायची आहे, पहिल्या विवाहाबाबत तिच्याकडे जमातीने दिलेला खुलानामा आहे, कोर्टाचा हुकूम नाही. "सर, हा कागद मी धरू की नको?" मी वकीलबाईंना विचारलं. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कोर्टाबाहेरचा खुला मान्य केला आहे. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये शरिया कौन्सिलचं असं प्रमाणपत्र ग्राह्य नाही, बाईने कौटुंबिक न्यायालयात जावं, असं म्हटलं. कार्यकर्तीचं मत पडलं की कोर्टातच पाठवा, पुढे तीच सुरक्षित राहील. काझी म्हणाले, कागद पुरेसा आहे. मला स्वतःला कार्यकर्तीचं पटतं, पण त्या महिलेला कोर्टाची एक तारीख म्हणजे एका दिवसाची मजुरी जाते, हेही दिसतं. आम्ही तिघांची मतं आणि दोन्ही निकाल त्या अधिकारी बाईंना पाठवले. त्यांनी अर्ज फेटाळला नाही. त्या महिलेला बोलावून दोन्ही वाटा समजावून सांगितल्या आणि कौटुंबिक न्यायालयातल्या विधी सेवा केंद्राचा पत्ता लिहून दिला. फाइल अजून त्यांच्या टेबलावर आहे. परवा पुन्हा फोन आला होता, यावेळी घरपट्टीच्या फेरआकारणीबद्दल.