फुग्याचा डोळा

शाळेंतील मुलांनीं फुग्यास कॅमेरा बांधून तो आकाशांत सोडावा, असें आम्ही सुचवितांच कांहीं पालकांच्या कपाळास आंठ्या पडतील. हा तर खेळ, यांत विद्या ती कोणती, असें ते म्हणतील. मोबाईलवर बोट फिरवितांच सारी पृथ्वी वरून दिसते, मग हा खटाटोप कशाला, असेंहि कोणी विचारील. या दुसऱ्या आक्षेपांत तथ्य आहे. पण तें अर्धेंच. उपग्रहाचें चित्र कोणत्या दिवशीं व किती बारकाईनें घ्यावें, हें ठरविणारा आपल्या गांवापासून फार दूर बसलेला असतो.

२० एप्रिल २०१० रोजीं मेक्सिकोच्या आखातांत ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या मंचावर स्फोट होऊन ११ कामगार मृत्युमुखीं पडले, व पुढें ८७ दिवस समुद्रांत तेल वाहत राहिलें. त्या काळांत तेथील आकाशांत विमानांवर निर्बंध होते. आपणांस जवळ जाऊं देत नाहींत, अशी वार्ताहरांची तक्रार होती. तेव्हां लुइझियानाच्या किनाऱ्यावर सामान्य नागरिकांनीं साधे कॅमेरे फुग्यांस व पतंगांस बांधले, नावेंतून दोर सोडला आणि हजारों छायाचित्रें घेतलीं. तीं एकमेकांस जोडून नकाशे झाले. कोणत्या दलदलींत तेल शिरलें, हें सांगावयास तेथील लोकांस आतां परक्याच्या शब्दावर विसंबावें लागेना. आमच्या मतें खरी विद्या ती हीच.

या कलेचा उगमहि फुग्यांतच आहे. १८५८ सालीं नादार या फ्रेंच छायाचित्रकारानें पॅरिसजवळ फुग्यांतून पहिलें चित्र घेतलें. फुग्याच्या तोंडांतून निसटणारा वायु त्याच्या ओल्या कांचा वारंवार बिघडवी. तोंड मिटून घेतलें तेव्हां चित्र उमटलें. अपयशाचें कारण असें चिकाटीनें शोधणें कोणत्या क्रमिक पुस्तकांत शिकावयास मिळतें?

नादारला स्वतः वर चढावें लागलें. आज त्याची गरज नाहीं. एक घनमीटर हेलियम सुमारें एक किलो भार उचलतो. म्हणजे दीड मीटर व्यासाचा फुगा स्वतःच्या व दोराच्या वजनासह पावणेदोन किलो पेलील. कॅमेरा ठराविक सेकंदांनीं आपोआप चित्र घेईल असा लावावा, व त्याभोंवतीं कापलेल्या प्लास्टिकच्या बाटलीचें कवच करावें. हा हिशेब मुलांनींच मांडावा. गणिताच्या तासाला एवढी गोडी क्वचितच येते. हायड्रोजन मात्र स्वस्त पडला तरी मुळींच वापरूं नये, तो पेट घेतो. विजेच्या तारांपासून दूर राहावें, अगोदर अधिकाऱ्यांची रीतसर परवानगी घ्यावी, आणि शेजाऱ्याच्या अंगणाचें चित्र त्याच्या संमतीवांचून घेऊं नये. या अटी जाचक वाटतील. पण ज्याच्या हातीं असा डोळा येतो, त्यानें त्या पाळल्याच पाहिजेत.

पावसाळा संपल्यावर वारा पडलेली एखादी सकाळ पाहून आरंभ शाळेच्या मैदानापासून करावा. पावसाचें पाणी कोठें तुंबतें, कोणतें झाड वाळत आहे, कोणती भिंत खचली आहे, हें त्या चित्रांत पाहावें. पुढच्या वर्षीं त्याच दिवशीं दुसरें चित्र घ्यावें, व तीं दोन्ही शेजारीं शेजारीं ठेवून कोणकोणतें झाड नाहींसें झालें, तें मुलांनीं मोजावें.